आडनाव नको, पिंग सांग

5 मे 2025 ला स्काइप बंद झालं. ऑनलाइन गेम खेळणाऱ्या आमच्या जुन्या टोळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी ती बातमी टाकली. दोघातिघांनी हात जोडले, आणि पाचच मिनिटांत गाडी पुन्हा बेसा-पिपळ्यातल्या प्लॉटच्या भावावर आली. ज्या स्काइपच्या कॉलवर या मंडळींनी एकमेकांना रात्र रात्र 'मागं पाहा बे' म्हणून वाचवलं, त्याचा निरोप पाच मिनिटांत उरकला. मला ते लागलं. जीव जडला होता तो त्या अॅपवर नव्हे. परक्या खेळाडूंमध्ये शिरताना आपण कोण हे सांगायची एक रीत त्या काळी होती, ती गेली आणि कोणी हळहळलंही नाही.

आधीच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नव्वदच्या दशकात नाणी टाकून खेळायचे पार्लर होते. 1999 च्या 'एज ऑफ एम्पायर्स टू'वर हॉस्टेलच्या पोरांनी सेमिस्टरं घालवली. पण तिथे सगळे एकमेकांच्या ओळखीचेच होते. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला 'मी अमुक' म्हणून काय सांगणार? परिचयाची गरज पडली ती समोरचा दिसेनासा झाल्यावर.

आमच्याकडे तो दिसेनासा झाला 2005 नंतर. त्या वर्षाच्या जानेवारीत बीएसएनएलचं 'डेटावन' आलं आणि मग 500 रुपयांच्या प्लॅनमध्ये रात्री 2 ते सकाळी 8 डाउनलोड फुकट झालं. नागपूरच्या वेशीवरचं आमचं हुडकेश्वर तेव्हा ग्रामपंचायतीत होतं. म्हाळगीनगर चौक सोडला की दोन्ही बाजूंना ले-आउट पडलेले, निम्म्या प्लॉटांवर गाजरगवत. कोण उमरेडहून आलेला, कोण भिवापूरहून, कोण वर्ध्याहून. प्रत्येकाच्या बापाच्या डोक्यात एकच चिंता, प्लॉट नियमित झाल्याचं एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल लेटर कधी मिळेल. या वस्तीत नवीन माणूस आला की शेजारी दोन प्रश्न विचारत. गाव कोणतं, आणि आडनाव काय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की हळदी-कुंकवाला कोण बोलावणार आणि कोण नाही, हे मनातल्या मनात ठरून जाई.

हुडकेश्वर रोडवरच्या एका सायबर कॅफेत आम्ही 'काउंटर-स्ट्राइक 1.6' खेळायला जायचो. तिथेही आधी आडनाव द्यावं लागे. काउंटरवर लांबट रजिस्टर, त्याला सुतळीने बांधलेला पेन. पूर्ण नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर, आल्याची वेळ, सही. 2011 मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियमच काढले. नोंदी वर्षभर जपून ठेवायच्या, केबिनच्या भिंती साडेचार फुटांपेक्षा उंच ठेवायच्या नाहीत. म्हणजे बाजूच्या केबिनमध्ये कोण काय पाहतो ते रस्त्यावरच्यालाही दिसावं. सरकारला आमची ओळख अशी हवी होती.

रजिस्टरवर सही करून खुर्चीत बसलं की पाच मिनिटांत माणूस बदलायचा. खेळात शिरल्यावर आधी नाव ठरवायचं. नवख्याला ते माहीत नसे, त्यामुळे 'प्लेयर' नावाचे दोन-तीन जण नेहमी भटकत असत आणि त्यांना कोणी माणसांत धरत नसे. नाव घेतलं की मग गावाची खूण. नागपूरची पोरं नावापुढे 'एनजीपी' लावायची, रेल्वेच्या तिकिटावर असतात तीच तीन अक्षरं. मग वाय दाबून लिहायचं, रोमन अक्षरांत, अर्धं मराठी, अर्धं नागपुरी हिंदी:

'कुठचा बे?'

'नागपूर.'

'नागपुरात कुठी?'

'हुडकेश्वर.'

'मानेवाड्याच्या पुढं? तिथं नेट आलं का बे?'

'आलं ना भाऊ. पिंग 180.'

'मग बी साइट सांभाळ. लाँगवर येऊ नको.'

एवढाच परिचय. गाव, पिंग आणि काम. आडनाव कोणी विचारलं नाही, कारण त्याचा उपयोगच नव्हता. पिंगचा होता. पिंग म्हणजे तुमच्या संगणकाचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजलेला. ज्याचा पिंग 180, त्याला कोपऱ्यावरून डोकावणारा शत्रू उशिरा दिसतो. अशाला समोरासमोरच्या झुंजीत पाठवायचं नसतं, बी साइटसारखी राखायची एक जागा देऊन तिथे दबा धरून बसवायचं असतं. म्हणून टोळीत येणाऱ्याने आपलं उणं आधी सांगायचं आणि टोळीने त्याला झेपेल ते काम द्यायचं. मैदानावर कोण कुठे उभा राहील हे आडनावाशिवाय ठरताना मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. वस्तीत ते अजून तसं ठरत नाही.

इथे एक जुना हिशेब चुकता करतो. देशाचा झिरो माईलचा दगड आमच्या नागपुरात, पण खेळाचे सर्व्हर मुंबईत, नाही तर थेट सिंगापुरात. समुद्राखालच्या केबल मुंबईला आणि चेन्नईला किनाऱ्यावर येतात. देशाच्या मधोमध असल्याचा आम्हाला काडीचा फायदा नव्हता. बऱ्याच सर्व्हरवर पिंग ठरावीक आकड्याच्या वर गेला की खेळाडूला आपोआप हाकलणारं प्लगइन असायचं. मुंबई-पुण्याची पोरं 'नागपूर म्हणजे लॅग' म्हणून दात काढत आणि संत्र्यांवरचा तोच तो शिळा विनोद टाकत. त्यांना अजूनही वाटतं की ते आमच्यापेक्षा चांगले खेळत. 20 च्या पिंगवर आमच्या ले-आउटमधल्या बकऱ्याही चांगल्या खेळल्या असत्या. आणि आमचेच काही अॅडमिन, जे हरले की जिंकणाऱ्याला 'चीटर' म्हणून बॅन करत, ते आज लिंक्डइनवर नेतृत्वगुणांबद्दल लिहितात. असो.

याच काळात 'डोटा'वाल्यांचा अड्डा होता गरेना. वॉरक्राफ्टच्या त्या नकाशावर दूरदूरच्या दहा जणांना एकाच लॅनमध्ये असल्यासारखं बसवणारं ते सॉफ्टवेअर. खोलीत जागा 225, आणि रात्री खोली भरलेली. आत शिरायला कोणी निघायची वाट पाहत क्लिक क्लिक करत बसायचं. आत गेल्यावर यजमान विचारणार, कुठून, कोणता हिरो खेळतोस, मधेच पळून तर जाणार नाहीस ना. पळणाऱ्यांची नावं याद्यांत जात आणि त्या याद्या फिरत. शब्द देऊन मोडला तर महिनाभर कोणी खेळायला घेत नसे. टोपणनाव खोटं असलं तरी त्या नावाची पत खरी होती.

ते दिवस सोन्याचे होते असं मात्र नाही. शिव्या तेव्हाही होत्या, आणि मुलींना तर तोंड उघडायची सोय नव्हती. आमच्या टोळीत एक खेळाडू कित्येक महिने फक्त टाइप करायचा. माइक खराब आहे म्हणायचा. निशाणा असा, की समोरचे त्यालाच चीटर म्हणत. एका रात्री स्काइपच्या कॉलवर अचानक आवाज आला, 'मी पोट्टी आहो. आता हाकलता का?' कोणी काही बोललं नाही. पुढची फेरी सुरू झाली. आमच्यातल्या एकाने 4,750 डॉलरची एडब्ल्यूपी घेतली, खेळातल्या महागड्या बंदुकांपैकी एक, आणि जी दाबून तिच्या पायाशी टाकली. तिने ती उचलली. त्यानंतर कॉलवर शिवी आली की कोणीतरी खाकरायचं. पण तिला इतके महिने माइक 'खराब' ठेवावा लागला, हेही त्याच दशकाच्या खात्यावर लिहिलं पाहिजे.

मग परिचयाची ही रीत मोडली कशाने? लोक पुण्या-बंगळुरूला नोकरीला गेले, लग्नं झाली, हे खरं. पण रीत मोडली ती यंत्राने. 2012 मध्ये 'काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह' आला, 2013 मध्ये 'डोटा 2'. बटण दाबलं की यंत्र रँक पाहून चार साथीदार आणून देणार. सर्व्हर शोधणं नको, खोलीबाहेर ताटकळणं नको, विचारपूस नको. सोय झाली, नाही कशाला म्हणू? पण त्या चौघांची उद्या गाठ पडणार नाही हे पाचही जणांना ठाऊक असतं. मग सांगायचं कशाला आणि शब्द पाळायचा कशाला? 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट गेलं, 2015 मध्ये खेळलेल्या तासांची नोंद ठेवणारं एक्सफायर गेलं, आणि तासन्‌तास खेळून कमावलेल्या नावांच्या नोंदीही त्यांच्यासोबत गेल्या. कॅफेवाल्याने मॉनिटर भंगारात काढून मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्स सुरू केलं.

पुढची दहा वर्षं गर्दीची, आणि मला विचाराल तर कंटाळवाणी. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, 2018 मध्ये 'पबजी मोबाइल', आणि पानठेल्यावर खर्रा घोटणाऱ्यापासून सगळे त्या खेळातल्या पोचिंकी गावात उतरले. मुंबईचा नमन माथुर 'मॉर्टल' या नावाने घराघरात गेला. 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली, जुलै 2021 मध्ये तोच खेळ 'बीजीएमआय' होऊन परतला, वर्षभराने पुन्हा गायब आणि 2023 मध्ये पुन्हा हजर. अठराच्या आतल्यांना पालकांच्या फोनवर ओटीपी, खेळायला दिवसाला तीन तास. पिंगचं म्हणाल तर आज हुडकेश्वरात फायबर आहे आणि पिंग 40 च्या आत. तो विचारणारा कोणी नाही. माइक सुरू होतो तो आईबहिणीवरून, नाही तर धर्मावरून. जो प्रश्न त्या काळी निरुपयोगी म्हणून गळून पडला होता, तो आता नाव वाचून सरळ शिवीतून विचारला जातो.

खेळाबाहेर तर आमची ओळखच चोरीला गेली. पत्ते आणि फॅन्टसी क्रिकेटवाल्यांनी जाहिरातींचा असा पाऊस पाडला, की 'मी ऑनलाइन गेम खेळतो' म्हटलं की शेजारचे काका विचारतात, 'किती हरला?' जुलै 2025 मध्ये राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झालेला व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, असं ते म्हणाले. महिनाअखेर त्यांचं खातं बदललं आणि मिळालं कोणतं, तर क्रीडा! पुढच्याच महिन्यात संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्‌सला मान्यताही दिली. छान झालं. पण काकांना तो फरक कळायला अजून एक पिढी जाईल.

मधे भाच्याने मला त्याच्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर घेतलं. परिचयाचा नमुना तयार होता: वय, रँक, डिव्हाइस, के/डी (किती मारले आणि किती वेळा मेलो, त्याचं प्रमाण). मी भरला, बॉटने स्वागत केलं, आणि तिथल्या एकाही माणसाने माझ्याशी अजून शब्द बोललेला नाही. मी भाच्याला म्हटलं, के/डी काढून तिथे 'कुठला' आणि 'काय जमत नाही' एवढं विचारा. तो म्हणाला, 'मामा, प्रायव्हसी असते.' त्याचं अगदीच चूक नाही. पत्ते शोधून छळणारे निघाले आहेत. पण मोबाइल नंबर कंपनीला द्यायचा, बँकेचं कार्ड स्किन विकणाऱ्याला द्यायचं, आणि लपायचं कोणापासून, तर आपल्याच बाजूने लढणाऱ्यापासून, हे काही माझ्या गळी उतरत नाही. आम्ही आडनाव लपवलं आणि कमजोरी सांगितली. ही पोरं कमजोरी लपवतात आणि बाकी सगळं यंत्राला सांगून मोकळी होतात. अशा चौघांच्या भरवशावर बी साइट कोण सोडेल?