बाशोची पायपीट

जपानी कवी मात्सुओ बाशो १६८९च्या वसंतात एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, उत्तरेकडे निघाला तो राहती झोपडी दुसऱ्याच्या हवाली करूनच. वय पंचेचाळिशीचे, प्रकृती तोळामासा, सोबतीला शिष्य सोरा. सुमारे २,४०० किलोमीटरची ही वाट त्याने बहुतांशी पायी तुडवली आणि पाचेक महिन्यांनी तो ओगाकीला पोहोचला.

शितोमाएच्या नाक्यापुढे डोंगरातल्या एका घरात पावसाने त्याला अडकवून ठेवले. तिथल्या पिसवा, उवा आणि उशाजवळचा घोडा थेट हायकूत आले. अशा सामान्य, ओंगळ वाटणाऱ्या गोष्टींना कवितेत मानाने बसवणे, ही या प्रवासाची मोठी कमाई. कवितेत टिकणारे आणि सतत बदलणारे एकाच मुळातून येते, हा विचारही तो यानंतरच शिष्यांपुढे मांडू लागला.

प्रवासवर्णन मात्र घाईने लिहिले नाही. गद्य आणि हायकू एकत्र गुंफलेले ‘ओकु नो होसोमिची’ त्याने वर्षानुवर्षे घासूनपुसून १६९४मध्ये पुरे केले.

सोराची रोजनिशी १९४३मध्ये छापून आली, तेव्हा अभ्यासक चकित झाले. दोघांच्या तपशिलांत जागोजागी फरक! इचिबुरीच्या मुक्कामात भेटलेल्या गणिकांचा हृद्य प्रसंग सोराच्या नोंदींत नाहीच. बाशोने प्रवास नुसता टिपला नाही, तो नव्याने रचला.

१६९४मध्येच, आणखी एका प्रवासात, ओसाकाला त्याचा मृत्यू झाला. पुस्तक छापले गेले १७०२मध्ये.