आधी वजन, मग रंग!

एमएससाठी ओहायो, मिशिगन नाहीतर मिनेसोटाला गेलात की कुणीतरी ‘चल, वॉलआय पकडायला जाऊ’ म्हणतंच. दुकानात गेलं की शेकडो रंगीबेरंगी जिग समोर टांगलेले. त्यातला कुठला उचलायचा?

३० सप्टेंबर २०२२. अमेरिकेतलं क्लीव्हलँड शहर. लेक एरीवर मासेमारीची स्पर्धा झाली होती आणि माशांची वजनं चालू होती. जिंकणाऱ्या जोडीला सुमारे २९ हजार डॉलर मिळणार होते. पण त्यांचे मासे दिसत होते त्यापेक्षा काटा जरा जास्तच वजन दाखवत होता. आयोजकांना संशय आला. त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर एका माशाचं पोट चिरलं. आतून निघाले शिशाचे गोळे!

तो व्हिडिओ जगभर फिरला. कदाचित तुम्हीही पाहिला असेल. पुढच्या वर्षी दोघांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. दहा दिवसांची जेल झाली, बोट जप्त झाली, मासेमारीचं लायसन्स तीन वर्षांसाठी गेलं.

तो मासा होता वॉलआय. त्याच्या पोटात शिसं भरणं हा गुन्हा. पण गंमत अशी, की वॉलआय पकडायला शिसंच लागतं. फक्त ते माशाच्या पोटात नाही, गळाच्या डोक्यावर असावं लागतं. शिशाचं डोकं असलेल्या त्या गळाला म्हणतात जिग. आणि जिग निवडताना नवखे लोक हमखास एक गोष्ट उलटी करतात. आधी रंग बघतात, वजन बघतच नाहीत.

हा मासा आहे तरी कोण?

वॉलआय हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. मिनेसोटाने तर १९६५मध्ये त्याला राज्याचा मासा म्हणून जाहीर केलं. कॅनडात बरेच लोक त्यालाच पिकरेल म्हणतात. मांस पांढरं, चव सौम्य, वास कमी. त्यामुळे ‘तिकडचे मासे आपल्याला चालत नाहीत’ म्हणणारेही हा मासा रवा लावून तळला की दुसऱ्यांदा ताट पुढे करतात.

त्याची खरी ओळख म्हणजे डोळे. मांजरीसारखे चमकणारे. डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात, गढूळ पाण्यातही त्याला चांगलं दिसतं. म्हणूनच तो पहाटे, संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी जास्त खातो. इतर मासे चाचपडत असतात तेव्हा याची शिकार चालू असते.

दुसरी सवय त्याहून महत्त्वाची. नदीत तो बहुतेक वेळा तळाशी असतो. कारण सोपं आहे. तळाशी दगडगोटे, वाळू यांच्या घर्षणामुळे पाण्याचा वेग कमी होतो. वर पाणी धावत असतं आणि हा खाली दगडाच्या आडोशाला आरामात उभा असतो, वाहत येणाऱ्या छोट्या माशाची वाट बघत. म्हणजे तुमचं आमिष तळापर्यंत पोहोचलंच नाही, तर त्याचा रंग कितीही भारी असो, बघणार कोण?

जिग म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे कोकणात गरवायला जाणारी मंडळी गरी वेगळी बांधतात आणि दोरीला शिसं वेगळं लावतात. जिगमध्ये दोन्ही एकच. गळाची मान वाकवून तिच्यावर शिसं ओतलेलं असतं. दोरी डोक्याच्या वरच्या बाजूला बांधली जाते, त्यामुळे पाण्यात गळाचं टोक वर राहतं आणि तळाशी कमी अडकतं. गळावर प्लास्टिकचा मऊ मासा किंवा अळी चढवायची, नाहीतर मिन्नो म्हणजे बोटाएवढा जिवंत मासा लावायचा. काठी थोडी उचलायची, जिग उडी मारतो. खाली सोडायची, तो पडतो. वॉलआयला वाटतं, जखमी मासा धडपडतोय.

वॉलआय बहुतेक वेळा जिग पडत असतानाच तोंड लावतो. जोराचा झटका बसेलच असं नाही. बोटाला नुसतं ‘टक्’ जाणवतं. ते ‘टक्’ तुमच्यापर्यंत पोहोचवणं हे जिगचं खरं काम आणि तिथं सगळा खेळ वजनाचा आहे.

नदी ढकलते, हे विसरू नका

तळ्यात उभ्या पाण्यासाठी एक ढोबळ हिशोब चालतो. दर १० फूट खोलीला १/८ औंस, म्हणजे साडेतीन ग्रॅम. वीस फूट खोली असेल तर १/४ औंस, म्हणजे सात ग्रॅम. झालं काम.

नदीत हा हिशोब कोसळतो. कारण नदी फक्त जिगला नाही, तुमच्या अख्ख्या दोरीला ढकलत असते. अकरावीचं फिजिक्स आठवा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट नाही, साधारण चौपट होतो. पाऊस पडून नदीला जोर आला की काल चालणारा जिग आज पतंगासारखा मध्येच तरंगतो. दोरीला पोट सुटतं आणि त्या पोटात ते ‘टक्’ हरवून जातं.

मग सरळ सगळ्यात जड जिग घ्यायचा का? तेही नाही. फार जड जिग धोंड्यासारखा पडतो, दगडांच्या फटीत जाऊन बसतो आणि तुटतो. शिवाय मासा आमिष तोंडात ओढतो तेव्हा जड गोळा सहज आत जात नाही. त्यामुळे नियम एकच: तळ लागतोय हे बोटाला कळेल, इतपतच वजन. त्याहून कमी नको, जास्तही नको.

पाण्यावर गेलात की ही परीक्षा घ्या. जिग सोडा. तळाला लागल्याचं कळलं? वीतभर उचला, परत सोडा. परत कळलं? मग वजन बरोबर. दोन-तीन वेळा उचलल्यावर तळ हरवला, तर एक पायरी जड घ्या. प्रत्येक वेळी अडकतोय, तर एक पायरी हलका. या परीक्षेला दोन मिनिटं लागतात, पण बरेच जण ती न देताच दिवसभर रंग बदलत बसतात.

आणखी एक युक्ती. दोरी जितकी बारीक, तितका पाण्याचा रेटा कमी. म्हणून नदीवर अनेक जण विणलेली बारीक ब्रेड लाइन वापरतात आणि टोकाला तीन-चार फूट पारदर्शक लाइन जोडतात. मग तोच तळ थोड्या हलक्या जिगनेही गाठता येतो.

तीन नद्या, तीन उत्तरं

डेट्रॉइट नदी घ्या. पाणी खोल, प्रवाह जोरदार. वसंतात इथं वॉलआय मोठ्या संख्येने येतात. लोक बोट प्रवाहाच्या वेगाने वाहू देतात आणि जिग सरळ खाली सोडतात. इथं १/२ ते ३/४ औंस, कधी त्याहूनही जड जिग लागतो. दोरी जवळजवळ उभी राहिली पाहिजे. ती तिरकी व्हायला लागली की समजायचं, बोट तरी चुकतेय किंवा वजन तरी.

मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या मधली मिसिसिपी वेगळी. तिथं प्रवाह मधल्या खोल भागात राहावा म्हणून पूर्वी काठापासून आडवे दगडी बांध घातले गेले. त्यांना विंग डॅम म्हणतात. बांधामागे पाणी मंदावतं आणि तिथं मासा थांबतो. जिथं वेगवान आणि मंद पाणी एकमेकांना घासतं, त्या रेषेवर काठावरून १/८ ते ३/८ औंसाचा जिग टाकायचा. टाकायचा तो किंचित वरच्या अंगाला, मग पाण्याबरोबर वाहू द्यायचा.

आणि तिसरी ओहायोतली मॉमी. मार्च-एप्रिलमध्ये लेक एरीतले वॉलआय अंडी घालायला या नदीत चढतात आणि टोलेडोजवळ शेकडो माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी असतात. पाणी उथळ, तळ खडकाळ. इथं शिशाचं डोकं सारखं अडकतं. म्हणून बरेच जण उलट करतात. वजन दोरीवर वेगळं, थोडं वर लावतात आणि टोकाला चक्क तरंगणारा जिग. म्हणजे फिरून आपली कोकणातलीच पद्धत!

नदी बदलली की उत्तर बदललं. म्हणून ‘वॉलआयसाठी बेस्ट जिग कुठला?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या नदीत, किती खोल, किती वेगात, हे आधी.

डोकं, दांडी आणि शेपूट

गोल डोक्याचा जिग सगळीकडे चालतो, सुरुवात त्यानेच करा. जोराच्या पाण्यात निमुळतं डोकं पाणी कापत खाली जातं. जिवंत मिन्नो लावायचा असेल तर गळाची दांडी आखूड बरी. प्लास्टिकसाठी लांब दांडी आणि डोक्यामागे प्लास्टिक धरून ठेवणारा छोटा काटा हवा. तो नसेल तर दर दोन टाकण्यांनंतर प्लास्टिक घसरतं आणि चिडचिड होते. प्लास्टिकची तीन-चार इंचांची शेपूट पुरते. पाणी थंड असेल तर कमी हलणारी, गरम झालं की जास्त वळवळणारी.

आता रंग, एकदाचा

रंगाला अर्थ नाही असं नाही. गढूळ पाण्यात उठून दिसणारे रंग घ्या, पोपटी-पिवळा किंवा नारिंगी. स्वच्छ पाण्यात माशांसारखे पांढरे, चंदेरी, तपकिरी. खोल जाताना लाल रंग सगळ्यात आधी फिका पडतो, हेही लक्षात ठेवा. एवढं पुरे. दोन भडक, दोन साधे. दुकानातले बाकीचे चाळीस रंग माशापेक्षा गिऱ्हाईक पकडायला असतात.

शिशाची दुसरी बाजू

तुटलेला प्रत्येक जिग नदीत किंवा तळ्यात राहतो. लून नावाचा पाणपक्षी अन्न दळायला तळातले खडे गिळतो, त्यात असं शिसंही जातं. कधी शिसं लागलेला मासाच त्याच्या पोटात जातो. शिशाचा एक छोटा जिगसुद्धा त्याचा जीव घ्यायला पुरतो. लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी आहे, म्हणजे राज्याच्या माशासाठी टाकलेला गळ राज्याच्याच पक्ष्याला मारतो.

न्यू हॅम्पशायरमध्ये एक औंस किंवा त्याहून कमी वजनाच्या शिशाच्या जिगवर बंदी आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत १९९७पासून ५० ग्रॅमपेक्षा हलक्या शिशाच्या जिगना मनाई आहे. पर्याय टंगस्टनचा. तो महाग आहे, पण शिशापेक्षा दीडपटीहून अधिक घन. त्यामुळे तेवढ्याच वजनाचं डोकं लहान होतं, लवकर बुडतं आणि तळ बोटाला जास्त स्पष्ट कळतो. विद्यार्थ्याच्या खिशाला सगळे टंगस्टनचे परवडणार नाहीत, हे खरं. पण योग्य वजन निवडलं की जिग कमी तुटतात. पैसे वाचतात आणि पक्षीही.

लायसन्स काढलंत ना?

इथं गंमत नाही. ओहायो आणि मिनेसोटात सोळा वर्षांपुढच्या प्रत्येकाला लायसन्स लागतं. ते ऑनलाइन मिळतं. ‘मी फक्त काठी धरली होती’ हे कारण चालत नाही. आणि विद्यार्थी व्हिसावर असताना दंडाचं झंगट कुणाला हवंय? डेट्रॉइट नदीच्या मधून तर देशाची सीमा जाते. पलीकडच्या पाण्यात गळ टाकला की ओंटारिओचं लायसन्स लागतं.

मॉमीवर वसंताच्या काळात नियम आणखी कडक. एकच एकेरी गळ, त्याचाही आकार ठरलेला आणि मासेमारी फक्त सूर्योदय ते सूर्यास्त. गळ तोंडाऐवजी अंगाला कुठे लागला, तर मासा परत सोडायचा. दिवसाला किती मासे ठेवायचे हे प्रत्येक राज्य ठरवतं आणि बदलतंही. जाण्याआधी त्या वर्षाचं नियमपत्रक वाचाच.

आणि पाणी. मार्च-एप्रिलमध्ये ते बर्फाहून थोडंच गरम असतं. पोहता येतं म्हणून निर्धास्त राहू नका. अशा पाण्यात हातपाय काही मिनिटांत साथ सोडतात. लाइफ जॅकेट घाला, वेडर घातला तर कमरेचा पट्टा आवळा आणि एकट्याने जाऊ नका.

पहिल्या डब्यात काय?

* गोल डोक्याचे जिग : १/८, १/४, ३/८ आणि १/२ औंस, प्रत्येकी चार-पाच. एकाच वजनाचे वीस रंग घेऊ नका.
* तीन इंची प्लास्टिक शेपट्या : एक पोपटी-पिवळं पाकीट, एक पांढरं.
* बारीक ब्रेड लाइन आणि पुढे जोडायला पारदर्शक लाइन.
* गळ काढायला लांब नाकाचा चिमटा.
* लायसन्स, फोनमध्ये आणि कागदावरही.

निघण्याआधी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची, म्हणजे यूएसजीएसची वेबसाइट उघडा. मॉमीसारख्या नद्यांची पातळी आणि प्रवाह तिथं फुकट दिसतो. मग आमिषाच्या दुकानात जा. काउंटरवरच्या काकांना ‘कुठला रंग चालतोय?’ असं तर सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, ‘आज पाणी कसं वाहतंय, किती औंस लागेल?’ बघा, काका हातातलं काम बाजूला ठेवून बोलायला लागतील.