शाळेतलं नाव वेळीच तपासा!

मैत्रिणींनो, मुलांचा डबा, गणवेश आपण रोज पाहतो. पण शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांचं नाव कसं लिहिलंय, हे कधी पाहिलंय? महाराष्ट्रात २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आली. २०२२-२३ पासून देशभरातल्या शाळा प्रत्येक मुलाची माहिती ‘यू-डायस प्लस’वर भरतात. रजिस्टरातली चूक तिथंही उतरते. मग आधार कार्डाशी नाव जुळत नाही नि बारा अंकी ‘अपार’ क्रमांक अडतो. शाळा सोडल्यावर जन्मतारीख दुरुस्त करणं तर महाकठीण!

तेव्हा जन्मदाखला नि आधार कार्ड घेऊन शाळेत जा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा. चूक दिसली तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आजची एक फेरी दहावीनंतरचे दहा हेलपाटे वाचवील!