रापी बोटाला लागली तर? जखम, धनुर्वात आणि विमा : चप्पल कारागिरांना हे माहीत हवंच

निपाणी, प्रतिनिधी : निपाणीजवळच्या एका गावात कोल्हापुरी चप्पल बनवणारे एक काका आहेत. वय पन्नाशीचं, हातात चाळीस वर्षांची कला. दिवाळीच्या तोंडावर ऑर्डर पुरी करायची म्हणून रात्री दिव्याखाली तळ कापत बसले होते. रापी घसरली आणि डाव्या हाताच्या तर्जनीला मुळाशी लागली. रक्त बरंच आलं. घरच्यांनी हळद दाबली, चिंधी बांधली, रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा कामावर. "असं तर रोजच लागतं की," ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी जखम वरून भरली, पण बोटाचं पेर वाकेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की, बोट वाकवणारी दोरी, म्हणजे स्नायुबंध, आतून तुटला आहे. पहिल्या आठवड्याभरात आला असता तर शिवता आला असता, आता टोकं आखडून मागे गेली आहेत, मोठं ऑपरेशन लागेल आणि तरी पूर्ण खात्री नाही. काकांना आजही त्या बोटाने चामडं नीट धरता येत नाही. त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, म्हणून छापत नाही. पण त्यांच्यासारखे कारागीर निपाणी, अथणीपासून कोल्हापूरपर्यंत आहेत, म्हणून हा लेख.

कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांना मिळून आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे चार-चार जिल्हे त्यात येतात. २०२५ साली इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दाखवली, तेव्हा या चपलेची चर्चा जगभर झाली. चर्चा चपलेची झाली. ती बनवणाऱ्या बोटांची कुणी केली नाही.

लागतं कुठे आणि का?

या धंद्यात मुख्य धारदार हत्यारं दोन. चामडं कापायला आणि तासायला रापी, भोक पाडायला आरी. खऱ्या कोल्हापुरीला खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने शिलाई होते. म्हणजे प्रत्येक टाक्याला आरी आत-बाहेर करणार. दिवसभरात किती वेळा, ते कारागीरही मोजत नाही.

उजव्या हाताने काम करणाऱ्याला लागतं ते बहुतेक डाव्या हाताला, कारण चामडं धरणारा हात तो. रापी ज्या दिशेने जाते, त्याच वाटेवर बोटं असतात. आरीचं वेगळं. जाड तळातून ती जोराने दाबावी लागते आणि चामडं संपलं की एकदम सुटते. मग तळहात नाहीतर मांडी. मांडीवर ठेवून काम करायची सवय असली की धोका दुप्पट.

कारणं विचारली तर जाणते कारागीर चारच सांगतात.

पहिलं, बोथट धार. ऐकायला उलटं वाटतं, पण बोथट रापी जास्त घात करते. धार असली की ती चामड्यातून सरळ जाते. बोथट असली की जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली रापी घसरली तर थांबत नाही.

दुसरं, ओलं चामडं. भिजवलेलं चामडं कापायला मऊ, पण धरायला निसरडं.

तिसरं, उजेड. घरातच कारखाना, एकच दिवा, तोही पाठीमागे. कारागिराच्या हाताची सावली नेमकी कापायच्या रेघेवर पडते.

चौथं, घाई. पावसाळ्यात कोल्हापुरीला मागणी कमी, मग दिवाळी, लग्नसराई आणि प्रदर्शनाच्या ऑर्डरी एकदम येतात. दहा तास बसलेल्या माणसाचा हात अकराव्या तासाला चुकतो. यात कारागिराचा दोष काढण्यासारखं काही नाही.

लागल्यावर पहिली दहा मिनिटं

स्वच्छ कापड घ्या, जखमेवर दाबून धरा आणि हात छातीपेक्षा वर ठेवा. घड्याळ लावून दहा मिनिटं दाबायचं. मधे उघडून बघायचं नाही. आपण सगळे इथेच चुकतो. दर मिनिटाला "थांबलं का" म्हणून उघडलं की साकळलेलं रक्त निघतं आणि पुन्हा पहिल्यापासून. कापड भिजलं तर ते काढू नका, वरून दुसरं ठेवून दाबा.

बोटात अंगठी असेल तर लगेच काढा. सूज आल्यावर ती निघत नाही आणि बोटाचा रक्तपुरवठा तोडते. बोटाला दोरी आवळून बांधू नका, कारण तेही तेच करतं.

रक्त थांबलं की साध्या नळाच्या वाहत्या पाण्याने जखम चांगली धुवा, कडेला साबण लावा, स्वच्छ पट्टी बांधा. घरात पाणी साठवलेलं असेल तर पिण्याचं वापरा, चामडं भिजवलेल्या भांड्यातलं नको.

आता काय लावू नये, ते नीट वाचा. हळद, कॉफी पावडर, तंबाखू, चुना, रॉकेल आणि आपल्या कारखान्यातलं चिकटवायचं सोल्यूशन, यातलं काहीही नाही. स्वयंपाकातल्या हळदीचा डबा निर्जंतुक नसतो. शिवाय जखमेत पूड भरली की आत काय तुटलंय ते डॉक्टरलाही दिसत नाही, आधी ती धुऊन काढावी लागते. वेळ जातो आणि दुखतंही जास्त.

बोटाचा तुकडा पडला तर घाबरून फेकू नका. तो स्वच्छ, किंचित ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. तुकड्याला बर्फ थेट लावायचा नाही, नाहीतर पेशी मरतात. मग तुकडा आणि माणूस एकत्रच मोठ्या हॉस्पिटलात. १०८ नंबर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे चालतो.

आरी किंवा तिचं तुटलेलं टोक डोळ्यात गेलं तर उपसू नका, चोळू नका, पाणी मारू नका. डोळ्यावर दाब न येईल अशी कागदी कपाची टोपी लावा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

दवाखान्यात कधी जायचं?

रोज लागणाऱ्याने रोज दवाखाना गाठावा, असं कुणी म्हणत नाही. पण पट्टी बांधायच्या आधी दोन गोष्टी स्वतःच तपासता येतात.

एक, प्रत्येक पेर वेगवेगळं वाकतं आणि सरळ होतं का? नुसती मूठ वळली म्हणजे झालं असं नाही. जखमी बोटाचं मधलं पेर दुसऱ्या हाताने धरा आणि फक्त टोक वाकवून बघा. वाकत नसेल तर स्नायुबंध तुटलेला असू शकतो. काकांनी ही तपासणी केली असती तर त्यांचं बोट बहुधा वाचलं असतं.

दोन, जखमेच्या पुढच्या भागाला स्पर्श कळतो का? बधिर वाटत असेल तर नस तुटली असण्याची शक्यता आहे.

यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त न थांबणं, जखमेची तोंडं उघडी राहणं, सांध्यावरची जखम आणि मधुमेह असलेल्या माणसाची खोल जखम, यांनाही घरगुती उपाय नाही.

आरीची जखम फसवी असते. वरून टिपक्याएवढी, रक्त दोन थेंब. पण घाण खोल नेऊन ठेवते आणि वरून तोंड बंद होतं. दोन-तीन दिवसांनी सगळं बोट सुजून अर्धवट वाकलेलं राहिलं आणि सरळ करताना जीव गेल्यासारखं दुखलं, तर ते पू धरल्याचं लक्षण आहे. ही गोष्ट उद्यावर ढकलायची नाही. तसंच लाली मनगटाकडे सरकू लागली, ताप आला, तरी थांबू नका.

गंजामुळे धनुर्वात होतो का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर : गंजामुळे नाही. धनुर्वाताचे जंतू माती, शेण आणि धुळीत असतात. गंजकं हत्यार बहुतेक वेळा मातीत पडलेलं असतं, म्हणून तो समज झाला. चकचकीत आरीनेही धनुर्वात होऊ शकतो. हे जंतू हवा नसलेल्या जागी वाढतात, आणि आरीचं खोल, अरुंद भोक म्हणजे त्यांना हवी तशी जागा. लक्षणं साधारण तीन दिवसांपासून तीन आठवड्यांत दिसतात. आधी जबडा धरतो, मग मान, पाठ. एकदा झाला तर जिवावरचा खेळ. लस मात्र साधी आणि सरकारी दवाखान्यात मिळणारी आहे.

लसीचा हिशेब असा : लहानपणीचे सगळे डोस झाले असतील तर दर दहा वर्षांनी एक. जखम खोल किंवा घाण असेल आणि शेवटचा डोस पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर लगेच एक. म्हणजे दर वेळी कापलं की इंजेक्शन, याची गरज नाही. तारीख माहीत असली म्हणजे झालं. बायकांना गरोदरपणात ही लस मिळते, पुरुषांची मात्र बहुधा शाळेनंतर सुटलेली असते. लहानपणीचे डोसच झाले नसतील तर डॉक्टरांना तसं सांगा, खोल जखमेला मग लसीबरोबर वेगळं इंजेक्शनही लागू शकतं. शेवटच्या लसीची तारीख मोबाईलमध्ये नाहीतर रेशन कार्डाच्या झेरॉक्सवर लिहून ठेवा.

बोटाची किंमत किती?

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून थोडा हिशेबही मांडतो. दिवसाची कमाई ५०० रुपये धरू. स्नायुबंध शिवल्यावर किमान सहा आठवडे हाताला जड काम देता येत नाही. ४२ दिवस गुणिले ५००, म्हणजे २१ हजार, तेही औषधपाणी सोडून. मग विम्याचं काय?

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. पण 'अंशतः' म्हणजे एक डोळा किंवा एक पूर्ण हात वा पाय निकामी होणं. एक बोट गेलं तर यात काही मिळत नाही. बँकेत फॉर्म भरताना हे कुणी सांगत नाही. योजना घ्याच, २० रुपयांत वाईट नाही, पण बोटाचा विमा म्हणून घेऊ नका.

दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीवर असाल तर गोष्ट वेगळी. १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या तक्त्यात बोटांचाही हिशेब आहे : पूर्ण अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरतात, पूर्ण तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, अनामिका किंवा करंगळीला ७ टक्के. भरपाई मालकाने द्यायची असते. त्यासाठी केसपेपरवर 'कामावर असताना जखम' असं लिहून घ्या आणि मालकाला लेखी कळवा. स्वतःच्या घरात स्वतःचा माल बनवणाऱ्याला मात्र हा आधार नाही, कारण कायद्याच्या लेखी तो स्वतःच मालक.

पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत चर्मकार आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यात चांगली रापी आणि धारेचा दगड आधी घ्या.

सीमाभागात एक प्रश्न कायम येतो : उपचाराला बेळगाव की कोल्हापूर? महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ८६५ सीमागावांसाठी महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली आणि त्यावरून दोन्ही सरकारांत वाद झाला. कुठलं कार्ड कुठे चालतं, हे जखम झाल्यावर विचारत बसू नका. आजच जवळच्या दोन हॉस्पिटलांत चौकशी करून ठेवा. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, हे सगळ्यांना माहीत आहे.

कारखान्यात एवढं करा

रापीला रोज सकाळी धार. कापताना बोटं पात्याच्या मागे, पुढे कधीच नाहीत. मांडीऐवजी लाकडी ठोकळा. दिवा समोरून, डाव्या बाजूने. डाव्या हातात कापरोधक हातमोजा, काही शे रुपयांत मिळतो. मात्र तो रापीला अडवतो, आरीला नाही. आणि फिरत्या मशीनवर हातमोजा घालायचा नाही, मशीन मोज्यासकट हात ओढतं. रापी-आरी कामानंतर म्यानात किंवा जाड चामड्याच्या घडीत. घरातच कारखाना असला की लेकरं तिथेच खेळतात. भिंतीला एक डबा टांगा : स्वच्छ पट्ट्या, चिकटपट्टी, साबण, १०८ नंबर.

निरोप घेताना काकांना विचारलं, आता काय बदललं? ते म्हणाले, "पोरगा शिकतोय माझ्याकडं. त्याला पहिल्यांदा चप्पल शिकवली न्हाई. धार लावायला आन् बोट वाकवून बघायला शिकवलं."