इंग्रजीचे धडे कोठें लिहावे?

बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत ‘दर्पण’ पत्र काढलें, तेव्हां पान उभें दुभागून एका रकान्यांत इंग्रजी व दुसऱ्यांत मराठी मजकूर घालण्याची योजना केली. मराठी जाणणाऱ्यास शेजारच्या रकान्यांत डोकावतां डोकावतां इंग्रजीची ओळख व्हावी, ही सोय त्यांत आपोआपच झाली. तें पत्र १८४० सालीं बंद पडलें. पण दोन रकान्यांची ती युक्ति माझ्या मनांतून कधीं गेली नाहीं. ती अंबड तालुक्यांतील एका निवृत्त शिक्षकास जवळजवळ दोनशें वर्षांनींही साधूं नये, याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

मीं सदतीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविलें. माझें शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत आजोबांजवळ घरींच झालें. इंग्रजी मला पांचवींत भेटली, आणि माझ्या विद्यार्थ्यांसही सन २००० पर्यंत ती पांचवींतच भेटे. त्या वर्षीं राज्य सरकारनें ती पहिलीपासून सुरू केली व घरोघर एक नवीच पंचाईत उभी राहिली. सहा वर्षांच्या मुलास जवळ घेऊन बसणाऱ्या आईस अक्षरें येत, पण उच्चारांविषयीं तिची खात्री नसे.

आमच्याच घरीं सूनबाई एकदां नातवास ‘व्हॅन’ हा शब्द शिकवीत होत्या. पोर ‘ह’वर असा जोर देई कीं, समोरची समई विझावी! मीं म्हटलें, ‘‘सूनबाई, तो ‘ह’ काढून टाका.’’

‘‘पण मामंजी, सगळे तसेंच लिहितात!’’

लिहितात खरें. पण आपल्या वैयाकरणांनीं ‘व’ हा दन्तोष्ठ्य सांगितला आहे; वरचे दांत आणि खालचा ओठ. इंग्रजी ‘व्ही’ याच स्थानाचा. त्याला हकाराची जोड नको. उलट ‘डब्ल्यू’ला दांतांचा स्पर्शही नको, ‘उ’ म्हणतांना ओठ जसे गोल होतात तसे करून पुढचा स्वर सोडावा, म्हणजे झालें. ‘थिंक’मधील ‘थ’ही आपला महाप्राण नव्हे, जिभेचें टोंक वरच्या दांतांशीं हलकेंच ठेवून वारा घांसत जाऊं द्यावा. आपण ‘ट’साठीं जीभ मूर्ध्याकडे वळवितों, इंग्रज ती वरच्या दांतांमागच्या हिरडीवर टेकवितो. अशा साठेक टिपणांची एक वही माझ्याजवळ होती. ती चार घरीं पोंचावी असें सूनबाईंचें म्हणणें पडलें, आणि माझ्या वनवासास आरंभ झाला.

छापखान्यानें सांगितलेला आंकडा निवृत्तिवेतनास पेलणारा नव्हता. नातेवाइकांच्या मोबाइलवरील समूहांत सकाळीं घातलेला धडा दुपारपर्यंत फुलांच्या चित्रांखालीं व सुप्रभातांखालीं गाडला जाई. मग पुतण्या म्हणाला, ‘‘काका, ब्लॉग काढा. फुकट असतो.’’ फुकट म्हणतांच मास्तराचा कान टंवकारतो, हें काय सांगावयास हवें!

पहिल्या ठिकाणीं मीं संगणकावर जुन्या मराठी टंकांत लिहिलेले धडे नेऊन चिकटविले. वाचणाऱ्यास दिसली ती रोमन अक्षरांची व चिन्हांची नुसती खिचडी. कारण पुढें कळलें. ते जुने टंक मराठी अक्षरांचे केवळ मुखवटे. आंत जागा रोमन अक्षराची, वर चेहरा ‘क’चा. युनिकोडनें प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक दिला, तेव्हांपासून हा वेषांतराचा कारभार संपूं लागला. मीं सारे धडे पुन्हां टंकले.

दुसऱ्या ठिकाणीं ‘ॲपल’ रुसला. कित्येकांच्या जुन्या मोबाइलवर ‘ॲ’च्या जागीं नुसती रिकामी चौकट दिसे. या अक्षरास युनिकोडांत स्वतंत्र स्थान २००८ सालीं मिळालें; त्यापूर्वींच्या टंकांना तें ठाऊक असणार कोठून? उच्चार शिकविणाऱ्या पानावर नेमका उच्चारच गहाळ!

तिसऱ्या ठिकाणीं अक्षरें ठीक दिसलीं, तर रकाने मोडले. संगणकावर शेजारीं शेजारीं नांदणारे ते दोघे मोबाइलच्या अरुंद पडद्यावर एकाखालीं एक जाऊन बसत. सगळी इंग्रजी वर, सगळी मराठी खालीं. वाचणारी बाई वरखालीं करून थकून जाई.

येथें मला वडिलांची आठवण होते. त्यांचें शिक्षण निजामी अमलांत, १९४८ पूर्वीं, जालन्यास उर्दू माध्यमांतून झालें. त्यांच्या इंग्रजी पुस्तकांत शब्दाशेजारीं उर्दू अक्षरांत उच्चार लिहिलेला असे. इंग्रजी डावीकडून येई, उर्दू उजवीकडून, आणि दोघी ओळीच्या मध्यें भेटत. त्या लिपींतही ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ या दोहोंस एकच ‘वाव’! म्हणजे माझी अडचण वडिलोपार्जितच म्हणावयाची. पण तें पुस्तक माळ्यावर अजून आहे.

माझे धडे तितके भाग्यवान ठरले नाहींत. त्या तिसऱ्या ठिकाणीं एकतीस धडे झाले आणि ती सेवा चालविणाऱ्यांनीं ती गुंडाळली. आगाऊ सूचना आली होती म्हणे. ती इंग्रजींत होती आणि मीं उघडलेल्या, पण कधीं न पाहिलेल्या टपालपेटींत पडून राहिली. असें होतच आलें आहे. जिओसिटीजचें अमेरिकेंतील दुकान २००९ सालीं उठलें, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें. तेथें लोकांनीं काय काय ठेविलें होतें, तें तेच जाणोत.

मला खरें लागलें तें निराळेंच. आठवड्यानें परतूर तालुक्यांतून एका बाईंचा फोन आला. माझीच जुनी विद्यार्थिनी. सातवीनंतर शाळा सुटलेली. म्हणाली, ‘‘गुरुजी, धडे दिसेनात. मी मुलाच्या नांवानें वाचत होतें, पण खरें सांगूं का, शिकत मीच होतें. सत्ताविसाव्यापर्यंत आलें होतें.’’

त्याच रात्रीं वही काढली. आतां मी फुलस्केप कागदावर मधोमध रेघ मारतों. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, सगळें हातानें. सूनबाई त्याचें छायाचित्र काढून धाडतात. त्यांत ‘ॲ’ चौकट होत नाहीं आणि रकाने जागचे हालत नाहींत. छायाचित्रांतला शब्द शोधतां येत नाहीं, अशी पुतण्याची तक्रार आहे व ती रास्त आहे. त्या बाईंकरितां आरंभ अठ्ठाविसाव्यापासून केला, मागचे सवडीनें उतरवीत आहें. मूळ कागद दोरा ओंवून खुंटीला टांगलेले असतात. गेल्या महिन्यांत ती मुलासह येऊन त्यांच्या झेरॉक्स प्रती घेऊन गेली. सध्यां ‘ए’ आणि ‘दि’ यांचा धडा चालूं आहे. मराठींत उपपदच नसल्यामुळें उजव्या रकान्यांत काय लिहावें तें सुचत नाहीं, आणि तो कागद मीं तीनदां फाडला आहे.