मुरंबा 30 दिवसांत मुरत नाही, राजेहो!

‘30 दिवसांत जावा शिका’ अशी पाटी अमरावती-अकोल्याच्या एखाद्या खांबावर दिसली की मला मुरंबा आठवतो. बरणीतला नव्हे, मूर्तिजापूर तालुक्यातला. अकोला जिल्ह्यातल्या या गावात 1946 साली विजय भटकर जन्मले. 1965 मध्ये नागपूरहून ते इंजिनिअर झाले, 1972 मध्ये आयआयटी दिल्लीची पीएच.डी. मिळवली आणि 1991 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली ‘परम 8000’ हा भारतीय सुपरकॉम्प्युटर उभा राहिला. पदवीपासून परमपर्यंत 26 वर्षं. दिवस तुम्हीच मोजा.

परमची जन्मकथा तर खास वऱ्हाडी वाटावी अशी. भारताला अमेरिकेच्या क्रे कंपनीचं ताकदवान यंत्र हवं होतं, नकार आला. मग 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं आणि मुदत मिळाली तीन वर्षांची. एवढ्यात अवाढव्य प्रोसेसर कुठून आणणार? म्हणून ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या, शेजारणीशी थेट बोलणाऱ्या 64 छोट्या चिपा एकत्र जुंपल्या. आपल्याकडे याला इर्जिक म्हणतात! एकाचं वावर, गावभरच्या बैलजोड्या, आणि दिवस मावळायच्या आत नांगरट उरकलेली. पण जोड्या जमवणं सोपं असतं. कुणी कोणता पट्टा धरायचा आणि एकाची जोडी दुसऱ्याची वाट पाहत धुऱ्यावर उभी राहू नये, हे जमवताना खरा कस लागतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा घाम निघतो तो तिथंच. (इर्जिकीचं जेवण यजमानानं घालायचं असतं, इथं ते सरकारनं घातलं.)

घामावरून आठवलं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचं. त्याच्या खेळाडूंनी 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. हीच संस्था आज इंजिनिअरिंग कॉलेजही चालवते. मल्लखांब आणि प्रोग्रॅमिंग एका छत्राखाली आले यात मला तरी नवल वाटत नाही. दोन्हीकडे आधी शंभरदा आपटावं लागतं. फरक इतकाच, की प्रोग्रॅमर आपटला तर ढोपर फुटत नाही, स्क्रीनवर लाल ओळ येते.

1983 हे साल मात्र पाठ करून ठेवा. 1 मे रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी बडनेरा, अकोला, शेगाव, पुसद इथं इंजिनिअरिंगची कॉलेजं निघाली. अमरावतीचं शासकीय कॉलेज 1964 चं, म्हणजे या सगळ्यांचा थोरला भाऊ.

कॉलेजं आली तरी वीज यायला हवी ना! पारसचं औष्णिक वीज केंद्र अकोला जिल्ह्यातच, तरी भारनियमनाच्या काळात इथल्या पोरांनी सगळ्यात आधी काय शिकलं असेल तर दर दोन मिनिटांनी ‘कंट्रोल-एस’ दाबणं. वरून ऊन! मे 2020 मध्ये अकोल्यात पारा 47.4 अंशांवर गेला होता. अशा दुपारी ‘मशीन गरम झालं’ ही तक्रार नेमकी कॉम्प्युटरची की चालवणाऱ्याची, हे विचारायची सोय नसते.

पीटर नॉर्विग हे जगभर मान्यता असलेले संगणकतज्ज्ञ. झटपट शिकवणाऱ्या पुस्तकांचा वैताग येऊन त्यांनी एक निबंध लिहिला. त्याचं शीर्षकच मुळी दहा वर्षांत प्रोग्रॅमिंग शिका, असं सांगणारं. खांबावर लावायची पाटी खरं तर ही. पण मग फी कोण भरणार?

तोवर एक छोटी परीक्षा घ्या: मोबाइलवर ‘वऱ्हाड’ लिहा. साध्या ‘र’चा पाय मोडून ‘ह’ जोडला, की रफार डोक्यावर चढून ‘वर्हाड’ होतं. आपला अर्धा ‘ऱ्’ उमटायला खाली टिंब असलेला वेगळाच ‘ऱ’ लागतो. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक 0931. तिथं तो ठेवलाय द्राविडी भाषांमधला निराळा ‘र’ लिहिण्यासाठी, पण त्याच्या अर्ध्या रूपावर वऱ्हाडाचं नाव, शेतकऱ्याची ‘ऱ्या’ आणि दऱ्याखोऱ्या सगळं उभं आहे. पहिल्याच फटक्यात जमलं, तर मलेही शिकवजा.