वळिवड्याची पोलिश वस्ती

आम्हां नांदूरघाटकडच्या माणसांना ‘निर्वासित’ हा शब्द वर्तमानपत्रातून शिकावा लागला नाही. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या धास्तीने मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शी, नगरकडे गेली. ज्याचा सोयरा जिथे, तिथे त्याची चूल! निजामाची तक्रार १६ सप्टेंबर १९४८ रोजी थेट सुरक्षा समितीपुढे गेली. या चुलींना शिधा पुरवला तो मात्र सोयऱ्याधायऱ्यांनी आणि सरहद्दीवरच्या कार्यकर्त्यांनी.

म्हणूनच त्याच दशकातली, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची हकीकत मला मोलाची वाटते. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५,००० पोलिश माणसे राहिली, बहुतेक बायका आणि मुले. १९३९ साली सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड व्यापला आणि तिथल्या लाखो लोकांना सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकले. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा मॉस्कोने लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारशी समझोता केला. सुटलेल्यांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले, आणि बराकी, शाळा, दवाखाना, चर्च असे एक पोलिश गावच पंचगंगेच्या खोऱ्यात उभे राहिले.

आपण अशा वेळी कोल्हापूरच्या आतिथ्याचे कौतुक करून मोकळे होतो. कौतुक योग्यच, पण नुसत्या दयेवर रोज पाच हजार पाने मांडता येत नाहीत. जागा कोल्हापूर संस्थानातली, व्यवस्थेला ब्रिटिश हिंदी सरकारचा हात आणि खर्च त्या लंडनच्या पोलिश सरकारचा. स्वतः दुसऱ्याच्या ओसरीवर बसलेले सरकार, तेही इंग्लंडकडून कर्ज काढून, आपल्या लेकरांचा खर्च भागवीत होते!

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने या सरकारची मान्यताच काढून घेतली. माणसे होती तिथेच राहिली, त्यांचे सरकार मात्र कागदावरून पुसले गेले. पुढे छावणीचा भार ‘अन्रा’ या संस्थेने उचलला. युद्धग्रस्तांच्या मदतीसाठी ४४ राष्ट्रांनी १९४३ साली ती स्थापन केली होती, आणि त्या ४४ राष्ट्रांत हिंदुस्थानही होता. मायदेशी परत जावे, तर अनेकांची गावे आता सोव्हिएत हद्दीत. मग कोणी ब्रिटनची वाट धरली, कोणी ऑस्ट्रेलियाची, कोणी कॅनडाची.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे फुले वाहिली.

वळिवड्याच्या बराकी मात्र ओस पडल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली कुटुंबे तेथे उतरली, आणि वस्तीला गांधीनगर हे नाव पडले. दिवाळी जवळ आली, की कोल्हापूरकर कापड घ्यायला जातात ते याच गांधीनगरला.